नाचायचे कशासाठी? : चंद्रलेखा यांच्या नृत्यामागची कारणे

'मी का लिहितो?' हा प्रश्न मराठी साहित्यव्यवहाराला नवा नाही. दिवाळी अंकांतल्या परिसंवादांनी तो इतक्यांदा विचारला आहे की त्याची उत्तरेही आता ठरून गेली आहेत. नर्तकीला मात्र हा प्रश्न क्वचित विचारला जातो. शिक्षण कोणाकडे झाले, घराणे कोणते, रियाज किती तास, परदेश दौरे किती, पुरस्कार कोणते, एवढे विचारून मुलाखत संपते. ती नाचते का, हे गृहीतच असते. लहानपणी गाणे लागले की पाय थिरकायचे, आईच्या ते लक्षात आले, गुरू भेटले, एवढ्यावर चरित्राचा पहिला परिच्छेद भागतो आणि पुढे सगळी कारकीर्दच.

याचा परिणाम आपल्या नृत्यविषयक लेखनावर झाला आहे. कारण विचारायचे नाही म्हटल्यावर उरते ते कौशल्य. मग पदन्यास स्वच्छ होता, अभिनय बोलका होता, साथ समर्पक होती, अशा शेऱ्यांत कार्यक्रमाचे परीक्षण आटोपते. ते चुकीचे नसते, पण त्यातून ती कला त्या व्यक्तीला का हवी होती हे कळत नाही.

प्रस्तुत लेखात एका नर्तकीच्या बाबतीत हा प्रश्न लावून धरायचा आहे. चंद्रलेखा (१९२८–२००६) हे नाव मराठी वाचकाने ऐकलेले असते ते बहुधा 'बंडखोर' या विशेषणासह. परंपरा मोडणाऱ्या, देवदेवता मंचावरून हटवणाऱ्या, पांढरेशुभ्र केस आणि ठसठशीत कुंकू मिरवणाऱ्या अशी त्यांची प्रतिमा आहे. बंड हे त्यांच्या कामाचे वर्णन होऊ शकते, कारण नव्हे. त्यांचे कारण एका विशिष्ट संध्याकाळी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्याचे उत्तर शोधण्यात तीस-पस्तीस वर्षे गेली, असे माझे प्रतिपादन आहे. त्या वर्षांतला बराच काळ त्या मंचावर नव्हत्या. तोही त्या उत्तराचाच भाग आहे.

रायलसीमेसाठी यमुना

चंद्रलेखा प्रभुदास पटेल यांचा जन्म वाड्याचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातला. कुटुंब गुजराती. वडील डॉक्टर आणि देवाधर्माबाबत उदासीन, आई श्रद्धाळू. मुंबईत कायद्याचे शिक्षण सुरू केले आणि ते सोडून त्या मद्रासला भरतनाट्यम शिकायला गेल्या. गुरू लाभले कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै. बालासरस्वतींच्या कार्यक्रमांतही नट्टुवनार म्हणून साथ करणारे हे गुरू. म्हणजे शिक्षण मिळाले ते आडवाटेने नव्हे, परंपरेच्या अगदी मुख्य प्रवाहातून. पुढे त्यांनी जे नाकारले ते न शिकता नाकारलेले नाही, हे आधीच नोंदवलेले बरे.

१९५२ मध्ये मद्रासला त्यांचे अरंगेत्रम झाले. कार्यक्रम रायलसीमा दुष्काळ निवारण निधीच्या मदतीसाठी होता. आजच्या आंध्र प्रदेशातला हा कोरडा टापू तेव्हा मद्रास राज्यातच होता. कार्यक्रमात 'मथुरा नगरिलो' ही तेलुगू रचना होती. गुरू गात होते, आणि चंद्रलेखा यमुना, तिचे भरलेले पात्र, सख्यांची जलक्रीडा अभिनयातून उभी करत होत्या.

मधेच त्या थबकल्या. वर्तमानपत्रांत पाहिलेली छायाचित्रे त्यांना आठवली: भेगा पडलेली जमीन, हातात डबे घेऊन पाण्यासाठी लागलेल्या लांबच लांब रांगा. आपण दुष्काळग्रस्तांसाठी नाचतो आहोत, आणि नाचतो आहोत ते पाण्याच्या विपुलतेबद्दल. त्या क्षणी आपली दोन माणसे झाली, असे त्यांनी नंतर अनेकदा सांगितले. रुस्तुम भरूचा यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या १९९५च्या पुस्तकातही हा प्रसंग महत्त्वाचा ठरतो. प्रेक्षकांच्या लक्षात बहुधा काहीच आले नसावे. नाच पुढे पार पडला.

बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला किंवा घरात ऐकला, त्या मराठी वाचकाला ते डबे आणि त्या रांगा समजावून सांगायला नकोत. पण हा प्रसंग नुसता हळवेपणाने वाचला तर त्यातली अडचण हातून निसटते, म्हणून तो जरा तांत्रिक अंगाने पाहू.

अभिनयात एखाद्या ओळीचा विस्तार करताना नर्तकी त्या ओळीभोवती लहान लहान चित्रे रचत जाते. त्यांना संचारी म्हणतात. हाताचे पंजे लाटा होतात, ओंजळ भरते, पाणी उडवले जाते, डोळे चुकवले जातात. हे पाणी प्रेक्षकाला 'दिसावे' लागते. नर्तकीने आधी ते स्वतः मानले तरच ते दिसते. अभिनयाचा सगळा डोलारा या मानण्यावर उभा आहे. चंद्रलेखांच्या बाबतीत त्या संध्याकाळी नेमके हे मानणेच तुटले. हात लाटा दाखवत राहिले आणि मनाने कोरडी जमीन पाहिली. तेव्हा हा प्रसंग कला विरुद्ध जीवन असा ढोबळ नाही. एकाच शरीरात हात एक सांगत होते आणि डोळ्यांमागे दुसरेच काही होते. पुढे आयुष्यभर त्यांनी ज्याचा ध्यास घेतला, ते शरीराचे अखंडत्व, त्याची गरज इथे पहिल्यांदा जाणवलेली दिसते.

तीन वाटा

अशा प्रसंगानंतर नर्तकीपुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात.

पहिली वाट विसरण्याची. कार्यक्रम चांगला झाला, निधी जमला, पुढचा कार्यक्रम घ्यावा. बहुतेक जण हेच करतात आणि त्यात निंद्य काही नाही. निधी खरोखर जमलेला असतो.

दुसरी वाट विषय बदलण्याची. यमुनेऐवजी दुष्काळ नाचायचा. त्याच मुद्रा, तोच अभिनय, फक्त गोपीच्या जागी डबा घेतलेली बाई. ही वाट आपल्याकडे फार रुळलेली आहे. हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या, पर्यावरण, पाणी वाचवा, अशा विषयांवरच्या नृत्यनाटिका दर हंगामात होतात. हेतू चांगला असतो. पण ज्या शरीराने कालपर्यंत विरहिणी नायिका केली, तेच शरीर त्याच लकबीने आज होरपळलेली शेतकरीण करते. डोळ्यांतले काजळ तेच, मानेची हालचाल तीच. दुःखही शेवटी देखणे होते. चंद्रलेखांना ही वाट सहज घेता आली असती. त्यांचे राजकीय विचार स्पष्ट होते, लेखणी तीक्ष्ण होती, विषयांची वाण नव्हती. तरी ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्या दृष्टीने अडचण विषयात नव्हती, नाचणाऱ्या शरीरात होती.

तिसरी वाट थांबण्याची. ती त्यांनी घेतली, पण लगेच नव्हे. १९६०च्या सुमारास त्यांनी 'देवदासी' ही रचना केली. १९७२ मध्ये कामदेव या नर्तकासोबत 'नवग्रह' केली. आणि मग बारा वर्षे काही नाही.

या बारा वर्षांचा उल्लेख सहसा 'नृत्यापासून दूर' असा केला जातो. पण त्या काळात त्या करत काय होत्या? सदानंद मेनन आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले दशरथ पटेल यांच्यासोबत भित्तिपत्रके, प्रदर्शने, पुस्तिका. स्त्रियांच्या चळवळीसाठी चित्रे आणि मजकूर. 'स्किल्स' या गटातर्फे तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठी शिबिरे. १९८२ मध्ये या कामापायी चंद्रलेखा आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, जो पुढे सोडून देण्यात आला. मद्रासच्या इलियट्स बीचवरच्या घरातून ही सगळी खटपट चालत होती.

या कामात एक सूत्र दिसते. दुष्काळ, विषमता, स्त्रीवरचा अन्याय यांबद्दल जे थेट सांगायचे होते ते त्यांनी भित्तिपत्रकातून आणि शिबिरातून सांगितले. भित्तिपत्रकाचे काम नृत्यावर लादले नाही. त्यामुळे १९८४ मध्ये त्या मंचावर परतल्या तेव्हा त्यांच्या नृत्यावर कसलाही संदेश सांगण्याची सक्ती उरलेली नव्हती. नृत्याने जे फक्त नृत्यालाच करता येते ते करावे, एवढी मोकळीक त्यांनी बारा वर्षांत कमावली होती. एरवी चळवळीतल्या कलावंताकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. त्याची कला चळवळीचा कर्णा व्हावी, असे मित्रांनाच वाटत असते.

कणा

परतणे घडले ते मुंबईत. जानेवारी १९८४ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) मॅक्समुल्लर भवनच्या पुढाकाराने पूर्व-पश्चिम नृत्यमेळावा भरला. तिथे चंद्रलेखांनी आपल्या जुन्या रचनांचे अंश पुन्हा सादर केले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, 'अंगिका' आली आणि भारतीय समकालीन नृत्याच्या चर्चेला वेगळे वळण मिळाले.

'अंगिका'त काय नव्हते, यावरच तेव्हा जास्त बोलले गेले. भरजरी पोशाख नव्हता, कृष्ण नव्हता, रुसलेली नायिका नव्हती, सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. काय होते हे अधिक महत्त्वाचे. भरतनाट्यमच्या अडवूंसोबत केरळची कळरीपयट्टू ही युद्धकला होती, योगासने होती. कळरीत सिंह, हत्ती, घोडा, रानडुक्कर अशा प्राण्यांच्या पवित्र्यांना वडिवू म्हणतात. ते पवित्रे आणि नृत्यातल्या स्थिती शेजारी शेजारी ठेवून चंद्रलेखांनी जणू विचारले की या दोन्हींचे मूळ एकच तर नाही? नाच दरबारात आणि देवळात जाण्याआधी तो काम करणाऱ्या, लढणाऱ्या, स्वतःला सांभाळणाऱ्या शरीराचा होता, असा त्यांचा दावा होता. इतिहास म्हणून तो तपासून घ्यावा लागेल. कलात्मक गृहीतक म्हणून तो फलदायी ठरला.

भरतनाट्यममधली एकच गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही, ती म्हणजे अरैमंडी. पावले बाहेर वळवून, गुडघे बाजूंना उघडून अर्धे बसायचे. कमरेपासून वर एक त्रिकोण, खाली एक. वजन मध्यावर, पाठ ताठ. नेहमीच्या कार्यक्रमात ही स्थिती हालचालींचा पाया म्हणून येते आणि वेगात विरघळते. चंद्रलेखांनी ती रोखून धरली. नर्तक त्या स्थितीत इतका वेळ राहतात की पाहणाऱ्याच्याही मांड्या भरून याव्यात. त्यांच्या लेखी ते मंडल होते, शरीराच्या मध्याभोवती आखलेले एक क्षेत्र. त्यात नर्तक कोणाला काही दाखवत नाही. तो तिथे असतो, एवढेच.

यापुढे त्यांच्या जवळजवळ प्रत्येक रचनेत पाठीचा कणा हा मुख्य पात्रासारखा वागतो. नव्वदीच्या सुरुवातीच्या 'श्री'मध्ये स्त्रिया कमरेत वाकून, मोडल्यासारख्या, हळूहळू सरकत येतात. कोणी त्यांना मारत नाही, खलपुरुष नाही, निवेदन नाही. वाकलेल्या पाठींची एक रांग प्रेक्षकासमोरून जाते, आणि शेवटाकडे ती अनेक बाहूंच्या स्त्रीप्रतिमेपर्यंत पोहोचते. इथे मला १९५२ची रांग आठवते. डबा नाही, भेगाळलेली जमीन नाही, पण वाकलेली पाठ आहे, आणि ती 'दाखवलेली' नाही. नर्तकींची पाठ खरोखर वाकलेली आहे, तिला खरोखर कष्ट पडत आहेत. हात एक सांगतात आणि मन दुसरे पाहते, ही फट इथे बुजलेली दिसते.

म्हणून मला वाटते की चंद्रलेखांचे कारण असे मांडता येईल: नाचाने पाणी येत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. पण कोरड्या जमिनीचे छायाचित्र पाहून पान उलटणारा माणूस आपल्याच शरीराला पारखा झालेला असतो. त्याला काही जाणवत नाही. ते जाणवणे शरीराला परत मिळवून देणे एवढे नाचाला करता येईल. इंद्रियसुख, कामभावना आणि अध्यात्म यांची आपण केलेली वाटणी त्यांना मान्य नव्हती. ही वाटणी करणारा समाजच शरीर बधिर करतो, असे त्या मानत.

यात रुक्षपणा नव्हता, हेही सांगायला हवे. १९८९च्या 'लीलावती'त त्यांनी चक्क गणित नाचवले. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'लीलावती'तली कोडी म्हणजे कमळांवर विखुरलेले भुंगे, तुटलेला मोत्यांचा हार, सापावर झेप घेणारा मोर. या ग्रंथाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. वाड्याला जन्मलेल्या बाईने मद्रासमध्ये बसून भरतनाट्यमसाठी हा ग्रंथ निवडावा, यात मला एक खोडकर आनंद दिसतो. नायक-नायिका, मान-मनधरणी यांच्याशिवायही नाचाला विषय मिळू शकतो आणि तो परंपरेतूनच मिळू शकतो, हे त्यांनी हसतखेळत दाखवले. अडवूंची भूमिती आणि गणिताची भूमिती यांत तसे फार अंतर नाहीच.

ज्यांना 'का' विचारण्याची सोय नव्हती

इथपर्यंत चंद्रलेखांच्या बाजूने लिहिले. आता एक अडचण मांडली पाहिजे, नाहीतर लेख गौरवलेख होईल.

'मी का नाचते?' हा प्रश्न विचारायला आधी न नाचण्याचा पर्याय हाताशी असावा लागतो. कायद्याचे शिक्षण सोडून मद्रासला जाणाऱ्या डॉक्टरांच्या मुलीला तो होता. बालासरस्वतींना (१९१८–१९८४) तो त्या अर्थाने नव्हता. वीणा धनम्माळ यांची ही नात, तंजावर दरबाराशी नाते सांगणाऱ्या गायिका-नर्तकींच्या घराण्यात जन्मली. १९२५ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरमला तिचे अरंगेत्रम झाले. कंडप्पा हे तिचे कडक गुरू. तो काळ देवदासीप्रथेविरुद्धच्या मोहिमेचा होता. मद्रास प्रांतात देवदासी अर्पणबंदीचा कायदा १९४७चा, आपल्या मुंबई प्रांतात त्याआधीच १९३४चा. दुसरीकडे १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी स्थापलेल्या संस्थेतून, पुढच्या कलाक्षेत्रातून, हेच नृत्य सुशिक्षित घरांतल्या मुलींसाठी 'स्वच्छ' होऊन बाहेर पडत होते. बालासरस्वतींच्या समाजाला नाच सोडण्यासाठी सगळी कारणे होती. नाचत राहण्यासाठी फारच थोडी.

त्या नाचत राहिल्या. त्यांनी दिलेले कारण चंद्रलेखांच्या अगदी उलट टोकाचे वाटते. १९७५ मध्ये तमिळ इसै संगमच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात त्यांनी भरतनाट्यमच्या पारंपरिक क्रमाला देवळाची उपमा दिली. अलारिप्पू हे गोपुर, जतिस्वरम अर्धमंडप, शब्दम मंडप, मग वर्णम, आणि पदम म्हणजे गाभाऱ्याची शांतता, तिल्लाना म्हणजे कापूर लावण्याचा क्षण. या क्रमातला एक दगडही हलवू नये, शृंगार तर मुळीच गाळू नये, असा त्यांचा आग्रह होता. हा क्रम तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने घडला, ज्या दरबारात सरफोजीराजे भोसल्यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या, हे आपण सहसा विसरतो.

एक क्रम पाळणारी, एक मोडणारी. पण बारकाईने पाहिले तर दोघींचा विरोध एकाच गोष्टीला आहे. शरीराची लाज वाटणाऱ्या नव्या सभ्यतेने नृत्यातून जे काढून टाकले, ते दोघींना परत हवे होते. बालासरस्वतींनी ते पदमच्या शृंगारात राखले, चंद्रलेखांनी अरैमंडीत आणि कण्यात शोधले. १९८४च्या जानेवारीत चंद्रलेखा मुंबईत मंचावर परतल्या आणि फेब्रुवारीत बालासरस्वती मद्रासला वारल्या. हा निव्वळ योगायोग आहे, पण दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचाव्यात असा.

तरीही अडचण संपत नाही. चंद्रलेखांनी परंपरेचे मूळ शोधताना संस्कृत ग्रंथ, तंत्रातल्या आकृती, 'सौंदर्यलहरी', युद्धकला असा मोठा पल्ला गाठला. ज्या बायकांच्या शरीरांनी हे नृत्य पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष जपले, त्या या वंशावळीत विषय म्हणून येतात, पूर्वज म्हणून कमी. वारशाने नृत्य आलेल्या समाजांतल्या कलावंत आज हा प्रश्न सगळ्याच 'निवडून' नर्तकी झालेल्यांना विचारत आहेत, आणि तो चंद्रलेखांनाही लागू होतो. गोव्यातले कलावंत समाज किंवा आपल्याकडच्या संगीतबारीतल्या आणि फडांवरच्या लावणी कलावंत यांचा विचार केला तर प्रश्न आणखी घरचा होतो. त्यांना 'का नाचता?' विचारले तर पहिले उत्तर 'पोटासाठी' असे येईल, आणि ते ऐकून आपण वही मिटतो. पोट हे कलेचे कारण असू शकत नाही, असे आपल्याला शिकवलेले असते. पण धनम्माळांच्या घरातही संगीत हीच उपजीविका होती. पोट आणि कला यांची ही वाटणी, शरीर आणि अध्यात्म यांच्या वाटणीइतकीच खोटी आहे. चंद्रलेखांनी दुसरी मोडली. पहिली मोडायचे काम त्यांच्या हातून पुरते झाले नाही.

मागे काय उरते

चंद्रलेखांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या रोहिणी भाटे यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. १९४७ मध्ये पुण्यात त्यांनी नृत्यभारती काढली, कथक शिकवले, पुढे 'माझी नृत्यसाधना' लिहिले, इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले. घरात नाच नसताना निवडून नर्तकी होणे दोघींत समान. पण रोहिणीताईंचे कारण शिष्यांमध्ये आणि शब्दांमध्ये साठत गेले. त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आज पुण्यात शिकवत आहेत. मराठीत नृत्याविषयी गंभीरपणे बोलता येते ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

चंद्रलेखांनी शाळा काढली नाही, शैलीला नाव दिले नाही, परीक्षा घेतल्या नाहीत. 'यंत्र' (१९९४) पीना बाउश यांना अर्पण केली, 'राग' (१९९८) मध्ये पुरुषांतल्या स्त्रीत्वाचा शोध घेतला, आणि २००१ मध्ये 'शरीर' केली. 'शरीर'मध्ये फक्त एक स्त्री आणि एक पुरुष. गुंदेचा बंधूंचे ध्रुपद. हालचाल इतकी संथ की एक पाय उचलून दुसरीकडे जाईपर्यंत आलापाचा एक टप्पा सरतो. ही भूमिका पुढे अनेक वर्षे केली ती तिशानी दोशी या कवयित्रीने, कळरीचे जाणकार शाजी जॉन यांच्यासोबत. भरतनाट्यमचे शिक्षण नसलेल्या कवयित्रीला मध्यभागी उभे करणे, हा चंद्रलेखांच्या प्रवासाचा तर्कशुद्ध शेवट होता. नृत्याचे कारण शैलीत नसून शरीरात असेल, तर शैली येत नसलेल्या माणसालाही ते सापडले पाहिजे.

याची किंमतही आहे. ३० डिसेंबर २००६ ला त्या गेल्या आणि रचना टिकवणारी व्यवस्था मागे राहिली नाही. 'अंगिका' आज कुठे पाहायला मिळेल, याचे समाधानकारक उत्तर नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पुढे रत्नसदस्यत्व मिळाले. नृत्य मात्र नाचणाऱ्या शरीरांबरोबर विरत चालले आहे. रोहिणीताईंच्या वाटेने गेले तर परंपरा टिकते, पण कारण हळूहळू अभ्यासक्रमात बदलण्याचा धोका असतो. चंद्रलेखांच्या वाटेने गेले तर कारण धारदार राहते, पण पुढच्या पिढीच्या हाती फारसे काही लागत नाही. मला यांतली एक वाट बरोबर ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही. दोघींनी आपापली किंमत माहीत असून मोजली.

आज महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांतही भरतनाट्यम आणि कथकचे वर्ग भरलेले असतात. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत परीक्षा होतात, अरंगेत्रमला सभागृह, दागिने, छायाचित्रकार आणि जेवणावळ असा लग्नाइतका खर्च होतो. त्या मुलींपैकी अनेकींच्या पायांत खरी ताकद असते. विशारदच्या तोंडी परीक्षेत त्यांना तालाचे ठेके विचारतात, हस्तमुद्रांचे विनियोग विचारतात, घराण्यांचा इतिहास विचारतात. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालता येईल: एखादी रचना नाचताना तू कधी मधेच थबकलीस का, आणि कशामुळे? याला गुण देता येणार नाहीत. पण वीस वर्षांची एखादी मुलगी त्यावर क्षणभर गप्प राहिली, तर परीक्षकांनी तिला पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नये.